काज विरुद्ध कात्री

भावाला गाठण्यासाठी मी एकोणसत्तराव्या वर्षी जुगारी झाले. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ दे. आता मलाही येतं.

भाऊ काही हरवला नव्हता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर राहतो. तो माझ्याशी बोलत नव्हता, एवढंच. सहा वर्षं झाली होती. फोन केला की वाजून वाजून बंद व्हायचा. दोष कुणाचा ते सांगते, पण जरा थांबून. आधीच सांगितलं तर तुम्ही माझ्या बाजूनं ऐकायचे नाहीत.

आमचे वडील शिंपी. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. दुकान पुढं, घर मागं, आणि मधे फक्त एक पडदा. दुकानातली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे कापायचं टेबल. माणूस आडवा झोपेल एवढं लांब, आणि वर्षानुवर्षं कापड सरकून सरकून त्याच्या कडा अशा गुळगुळीत झालेल्या की हात फिरवत बसावंसं वाटे. आठवडाभर त्या टेबलाला आम्ही मुलांनी बोट लावलं तर अण्णा मेजरटेपनं फटका द्यायचे. पण रविवारी दुपारी जेवणं झाली की ते स्वतः खडूची पूड झटकायचे, कात्री खिळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "चला, बसा."

मग रमी. अण्णा, आई, दादा आणि मी. आम्ही पैसे कधीच लावले नाहीत. "पैसे लावले की माणूस पत्ते बघत नाही, पैसेच बघतो," असं अण्णांचं म्हणणं. आम्ही बटणं लावायचो. शर्टाचं बटण एक, कोटाचं दहा, आणि शिंपल्याचं एकच बटण होतं ते पन्नासाचं. ते ज्याच्याकडे असेल तो आठवडाभर घरात मिरवायचा. आई मांडीवर तुरपाईचं काम घेऊन बसायची. दोन टाके घालायची, एक पत्ता टाकायची, आणि आम्ही डोकी खाजवत असताना शांतपणे पत्ते उघडून दाखवायची. दादाची खोड वेगळी. हातात दोन राण्या आल्या की मरेपर्यंत सोडायचा नाही. तिसरी राणी येवो न येवो. "राण्यांची ताटातूट करायची नाही," म्हणायचा, आणि त्या दोन बायांपायी ढीगभर बटणं हरायचा. मी हरले की चिमटे काढायची, म्हणून त्यानं माझं नाव टाचणी ठेवलं. सत्तरी आली तरी त्याच्यासाठी मी टाचणीच.

आमच्या टेबलावर एक नियम होता, जो जगात दुसरीकडे कुठं नसेल. जोकर हा पत्ता कुणी शहाणा माणूस टाकत नाही. तो कुठल्याही पत्त्याच्या जागी चालतो, मग टाकायचा कशाला? पण आमच्याकडे जोकर टाकला की भांडण मिटलं. कसं झालं सांगते. एकदा अण्णा आणि आई चार दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून ते आजतागायत आम्हाला माहीत नाही. रविवारी मुकाट्यानं डाव मांडला गेला, आणि चौथ्या-पाचव्या फेरीला अण्णांनी आईपुढे जोकर टाकला. आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग हातातले पत्ते चाळले, आपला जोकर काढला, त्यांच्या जोकरवर ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकते." संपलं. तेव्हापासून नियमच झाला. एकानं जोकर टाकायचा, दुसऱ्यानं असेल तर जोकर टाकायचा, नसेल तर पत्ते खाली ठेवायचे. आणि त्या भांडणाबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. दादानं आणि मी त्या नियमाचा किती वेळा फायदा घेतला त्याची गणती नाही.

अण्णा गेले, आई गेली, दुकान दादानं चालवलं. हात तर अण्णांपेक्षा सरस. कोट कापायला घेतला की रेघ न आखता कात्री चालवायचा. मी लग्नानंतर माझ्या घरी शिवणकाम करायची, पण अवघड काही आलं की कापायला दादाकडेच. आणि सहा वर्षांपूर्वी एक दिवस मला गिऱ्हाइकाकडून कळलं, की त्यानं दुकान बंद केलं, गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं दिला, आणि टेबल विकलं. अण्णांचं टेबल. मला न विचारता, न सांगता.

माझं डोकं आधीच गरम. तशीच बस पकडून गेले. तो दुकानाबाहेर उभा होता, शेजारचे दोघं-तिघं दुकानदार होते. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "आता अण्णांचा फोटो तेवढा राहिलाय, त्याचं काय येतंय बघ." आणखीही बोलले. ते सांगणार नाही. दादा दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा राहिला. मला वाटलं, काय मग्रूर माणूस आहे, हात खिशात घालून ऐकतोय. तेही मी बोलून दाखवलं.

झालं. सांगितला दोष कुणाचा ते.

पहिली चार वर्षं मी फोन केला नाही, कारण मी कशाला करू? नंतरची दोन वर्षं केले, तर त्यानं उचलले नाहीत. कधी वहिनी उचलायच्या आणि अवघडून म्हणायच्या, "ते झोपलेत." सकाळी अकराला झोपलेत, संध्याकाळी सहाला झोपलेत. अहो, कुंभकर्णसुद्धा मधे उठत असेल. मी घरी गेले असते, पण दारातून परत पाठवलं तर ते मला सोसलं नसतं. हे खरं कारण आहे, उगाच दुसरं सांगत नाही. वयं झाली आमची. दोघांतलं एक असंच, न बोलता गेलं तर काय, या विचारानं मला सुई ओवायला सुचेना.

मग भाची, म्हणजे दादाची मुलगी, बोलता बोलता म्हणाली, "बाबा ना, दुपारी मोबाइलवर रमी खेळत बसतात. पैसे लावून."

"पैसे लावून? अण्णांचा मुलगा?"

"फार नाही गं आत्या. सगळ्यात स्वस्त, दोघांचं टेबल. महिन्याचे ठरवलेत तेवढेच लावतात. नाव काय घेतलंय माहितीये? कात्री."

त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळीच मी तिला घरी बोलावून तो खेळ माझ्या फोनवर घालून घेतला. बापाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. नाव हवं होतं. टाचणी लिहिलं असतं तर त्यानं टेबलच सोडलं असतं. मी काज लिहिलं.

पण तो खेळ म्हणजे रविवारची दुपार नव्हे. समोर कोण बसणार ते तो फोन ठरवतो. एक ते तीन या वेळात मी रोज त्या स्वस्त टेबलावर जाऊन बसायची आणि भलतेच लोक यायचे. कुणी 'पत्त्यांचा बादशहा', कुणी 'बायकोचा लाडका', एकाचं नाव नुसतं आकडे. पिसताना फरफर आवाज नाही, कुणी कुणाला टोमणा मारत नाही, पत्त्यांना तळहाताचा वास नाही. एक घड्याळ तेवढं पाठीशी लागलेलं, तीस सेकंदांत पत्ता टाक नाहीतर तुझा डाव गेला. कुणी हरलं की पिपाण्या वाजतात. म्हणजे दुसऱ्याचा खिसा हलका झाला त्याची वरात. अण्णा बरोबर बोलायचे. सतरा दिवस मी हरत होते, थोडं जिंकत होते, आणि समोरचं नाव बदललं की चष्मा सारखा करून वाचायची.

अठराव्या दिवशी नाव उमटलं. कात्री.

नाव काय, कुणीही घेईल. म्हणून खेळ बघितला. त्यानं आधी दश्श्या काढून टाकल्या, अगदी आमच्या घरी टाकायचो तशा. डाव मीच जिंकले आणि शेवटी त्याचे पत्ते उघडे झाले, तर काय? कोपऱ्यात दोन राण्या. तिसरीचा पत्ता नाही. मला फोनला मिठी मारावीशी वाटली.

पण दुसऱ्या डावात मला त्याचा राग आला. भलतंच खेळत होता. बदामाची सत्ती उचलली आणि लगेच तिच्याच शेजारची अट्ठी टाकून दिली. पोरसुद्धा अशी जोडी मोडणार नाही. पुन्हा एकदा तसंच. "दादा, डोकं कुठं ठेवून आलायस?" मी मोठ्यानं म्हणाले, ऐकायला कुणी नव्हतं. तोही डाव मी जिंकले. वाटलं, आता वैतागून उठेल हा. उठला की पुन्हा सतरा दिवस.

तिसऱ्या डावात माझ्याकडे जोकर आला. पत्तेही असे लागले की जोकर धरून माझा डाव पुरा झाला होता. एक बटण दाबलं की जिंकले. मी त्या जोकरवर बोट ठेवलं आणि वर सरकवला. फोननं लगेच पाटी दाखवली: तुम्ही जोकर टाकत आहात. खात्री आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. यंत्रालासुद्धा माझी कीव आली असणार. मी हो दाबलं.

त्याचं घड्याळ सुरू झालं. तीस, पंचवीस, वीस. त्यानं पत्ता उचलला होता, टाकत नव्हता. दहा. पाच राहिले तेव्हा माझ्या जोकरवर एक पत्ता पडला. जोकर.

आणि कात्री टेबल सोडून गेली. पिपाण्या वाजल्या. माझ्या नावावर पैसे पडले.

मग शंकेनं मला पोखरायला सुरुवात केली. याचे पत्ते तर आज सगळेच चुकत होते. अट्ठी चुकली तसा जोकरही चुकला असेल. आणि चूक लक्षात आली म्हणून चिडून उठून गेला असेल. मला राहवेना, भाचीला फोन लावला. म्हटलं, "तुझा बाप असा आंधळ्यासारखा का खेळतो गं?"

ती म्हणाली, "आत्या, बाबांचा हात थरथरतो. सात वर्षं झाली. बोट एका पत्त्यावर ठेवायला जातात, दुसऱ्यावर पडतं. हातात तर पत्ते धरताच येत नाहीत, सांडतात. म्हणून तर मोबाइलवर खेळतात. तुला कळू द्यायचं नाही म्हणाले होते. कात्री धरता येईना तेव्हाच टेबल विकलं. रोज त्याच्याकडे बघवत नव्हतं त्यांना."

हात खिशात घालून उभा होता तो. आणि मी त्याला मग्रूर म्हणाले. भर रस्त्यात. मी फोन ठेवला आणि रडले, चांगली हुंदके देऊन रडले. असली जीभ देवानं कुणाला देऊ नये.

डोळे पुसताना ती पाटी आठवली. खात्री आहे का? ती मला दाखवली, तर त्यालाही दाखवली असणारच. थरथरतं बोट अट्ठीवर चुकून पडेल. जोकरवरही पडेल. पण त्यानंतर 'हो' या चौकोनावर? शेजारीच 'नाही' असताना? त्याला पंचवीस सेकंद लागले होते. ते बोट तिथं नेमकं टेकवायलाच लागले असणार.

मी उठले आणि मशीनवर बसले. कॉलरीत घालतो तो कडक बकरम घेतला, हातभर लांब पट्टी कापली, जाड कापडाचं अस्तर लावलं आणि आडवी खोल चुणी घातली, पत्ता उभा केला तर सरळ राहील अशी. तेरा पत्ते ओळीत लावून बघितले. एकही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. वहिनींनी दार उघडलं आणि आज "झोपलेत" म्हणाल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या. दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. केस पांढरेशुभ्र. मला बघून दोन्ही हात खिशात गेले.

मी जेवणाच्या टेबलावर घरून आणलेला बटणांचा डबा उपडा केला, पट्टी त्याच्यापुढं ठेवली, पत्ते पिसले, वाटले. त्यानं पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उजवा हात बाहेर काढला. थरथरत होता, आणि मी तिकडे बघत होते, मुद्दाम दुसरीकडे बघितलं नाही. एकेक करत त्यानं तेरा पत्ते चुणीत उभे केले.

"टाचणे," तो म्हणाला, "ते टेबल..."

"जोकर पडलाय दादा. आता त्यावर बोलायचं नाही."

"मला एवढंच..."

"नियम म्हणजे नियम."

खरं तर मलाही बोलायचं होतं. रात्रभर घोकलेली माफी माझ्या ओठांवर होती. पण नियम माझ्यासाठीही होता, तेव्हा ती तशीच गिळली. वहिनी आतून म्हणाल्या, "चहा टाकते."

पहिला डाव त्यानंच जिंकला, चक्क तिसरी राणी आली त्याला. माझी बारा बटणं हक्कानं ओढून घेतली. त्यातलं एक घरंगळून खाली पडलं. मी वाकले नाही. तो वाकला. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा चिमटीत आलं. वेळ लागला, पण आम्हाला कुठं तीस सेकंदांची घाई होती.