दुसऱ्याच्या नावाची सायकल

मित्रांनो, मी क्योतोमधली एक सायकल. दहा वर्षांची झाले, म्हणजे आमच्या जातीत म्हातारीच. पुढे बास्केट, मागे कॅरिअर, चाकाला घासून पेटणारा दिवा, आणि एक घंटी, जी वाजवली की कुणीतरी खोकल्यासारखं वाटतं. आज १९९९ साल चालू आहे. गंज लागायला सुरुवात झाली आहे, पण बोलता येतंय तोवर बोलून घेते. गोड बोलायची सवय मला नाही, हे आधीच सांगते.

माझा जन्म ओसाकाजवळच्या साकाई गावातल्या एका कारखान्यात झाला. मी निळी. माझ्या पुढे लाल होती, मागे पांढरी, तिच्या मागे काळी. चेन सगळ्यांना एकाच पेटीतून मिळाली. रंगाचा डबा वेगळा, एवढाच काय तो फरक. लाल आहे म्हणून कुणाला वेगळ्या रस्त्यावर धावायला सांगितलं नाही. त्यामुळे माणसांच्या एका गोष्टीचं मला पहिल्या दिवसापासून कुतूहल आहे. ही माणसं एकमेकांचा रंग पाहून सरकून का बसतात? दहा वर्षं मी उत्तर शोधतेय.

मला पहिल्यांदा विकत घेतलं भानुदास काळसेकर यांनी. विद्यापीठात डॉक्टरेट करायला आलेले, पुण्याचे. मात्सुई नावाच्या दुकानदाराने, इथे आदराने मात्सुई-सान म्हणतात, एक कार्ड भरलं, त्यावर भानुदासांचं नाव लिहिलं आणि माझ्या दांड्यावर नंबराचा पिवळा स्टिकर लावला. इथे पोलिसांना तो नंबर सांगितला की वायरलेसवर सायकलच्या मालकाचं नाव कळतं. चोरी पकडायला ही सोय. हा स्टिकर लक्षात ठेवा.

भानुदास खोली शोधायला माझ्यावर बसून गावभर फिरले. एजंटच्या दारात मला उभी करायचे, आत जायचे, दोन मिनिटांत बाहेर यायचे. घरमालकाला परदेशी माणूस नको असायचा. अकरा घरांनी नकार दिला. अकराव्या वेळी ते बाहेर आले आणि माझ्या सीटवर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे राहिले. बारावं घर मिळालं. पुढे दर गणपतीला ते ही गोष्ट सांगायचे. "अकरा घरं, बरं का. तोंडावर सांगायचे, गाइजिन नको." परक्या देशाच्या माणसाला इथे गाइजिन म्हणतात. ऐकणारे हळहळायचे आणि मोदकाला हात घालायचे.

१९९२ साली भानुदासांनी मला सुशील नावाच्या विद्यार्थ्याला दिलं. सुशीलने १९९५ साली नंदिनीला दिलं. क्योतोच्या मराठी मंडळींत ही रीतच होती. जाणाऱ्याने येणाऱ्याला सायकल, कुकर आणि पोळपाट द्यायचा. कार्डावरचं नाव मात्र कुणी बदललं नाही. मात्सुई-सानने सुशीलला नाव बदलून घ्यायला बजावलं होतं. सुशील बाहेर येऊन म्हणाला, "कशाला उगाच कागद? आपल्यातलीच तर आहे."

आपल्यातली. हा शब्द ऐकून मी तेव्हा खूश झाले होते. आता तो ऐकला की मला चेन सुटल्यासारखं होतं.

नंदिनी ठाण्याची, रसायनशास्त्रात संशोधन करणारी. मला वेळच्या वेळी तेल द्यायची, पावसात सीटवर पिशवी बांधायची. तिच्याआधी कुणी माझं इतकं केलं नव्हतं. १९९६ च्या वसंतात तिची ओळख कर्टिसशी झाली. कर्टिस अमेरिकेतल्या शिकागोचा, काळा, उंच, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारा. एका सायकलवर दोघांनी बसायला इथे बंदी आहे, म्हणून दोघं नदीकाठाने मला हाताने ढकलत चालायचे. एक डावीकडे, एक उजवीकडे, मी मध्ये. ते इंग्रजीत बोलायचे, मी तुम्हाला मराठीत सांगते.

ओळख कशी झाली तेही सांगते. सिटीबसमध्ये नंदिनीच्या शेजारची सीट नेहमी रिकामी राहायची. गर्दी असली तरी लोक उभे राहायचे, पण तिच्या शेजारी बसायचे नाहीत. एकदा पुढच्या सीटवर कर्टिस होता. त्याच्याही शेजारची सीट रिकामी. तो मागे वळून म्हणाला, "पैज लावू? तुझी आधी भरेल." दोन स्टॉपनंतर तिच्या शेजारी एक आजी बसल्या. दुसऱ्या दिवशीही तोच जिंकला, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी नंदिनी उठली आणि स्वतःच त्याच्या शेजारी जाऊन बसली. "आता तू हरलास," म्हणाली.

"तुमच्या गावी तरी असं नसेल," तिने एकदा नदीवर विचारलं.

कर्टिस हसला. "आमच्या गावी तर याचा नकाशाच आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ. आमच्या घराजवळ रेल्वेचा पूल होता. पुलापलीकडे गोरे. आई मला पलीकडच्या दुकानात कधी पाठवायची नाही. माझ्या मामाने पलीकडे घर घेतलं, तर पहिल्याच आठवड्यात खिडकीतून विटा आल्या."

"आणि मग?"

"मामा राहिला. शेजारचेच घरं विकून गेले. दोन वर्षांत ती गल्लीही आमची झाली आणि नकाशा तसाच राहिला. फक्त रेघ एक गल्ली सरकली."

मी ऐकत होते. गल्ली तीच, घरं तीच. मग सोडून गेलेल्यांना मिळालं काय? मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

"कॉलेजात माझी एक मैत्रीण होती, गोरी," कर्टिस पुढे म्हणाला. "शहरात हातात हात घालून फिरायचो. ट्रेन तिच्या घराकडे निघाली की एका ठरावीक स्टेशनला तिचा हात सुटायचा. दर वेळी तेच स्टेशन. ती वाईट नव्हती. तिला कुणी शिकवलंही नसेल. पण हाताला स्टेशन माहीत होतं."

नंदिनीचंही एक स्टेशन होतं. समोरून कुणी मराठी माणूस येताना दिसला की ती मला दोन्ही हातांनी धरायची आणि पावलं भरभर टाकायची, जणू कर्टिस योगायोगाने शेजारून चाललाय. मराठी मंडळींत तिने त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. उन्हाळ्यात दोघांनी लग्नाचं ठरवलं, तरीही नाही. घर शोधताना सहा ठिकाणी नकार मिळाला, तेही तिने कुणाला सांगितलं नाही. भानुदास आता टोकियोपलीकडे इचिकावाला राहत होते, सॉफ्टवेअरच्या नोकरीत. त्यांनी तिच्या वडिलांना शब्द दिला होता, "मी आहे इथे, मुलीची काळजी करू नका." त्यांना कळलं की संध्याकाळपर्यंत ठाण्याला कळणार. धाकट्या बहिणीचं, वैभवीचं, लग्न ठरत होतं. नंदिनीला वाटायचं, ते आधी होऊन जाऊ दे.

मग ऑक्टोबरातला तो रविवार आला.

नंदिनीला प्रयोगशाळेत काम होतं म्हणून मला कर्टिसने नेलं होतं. भर दुपार, पुलाच्या तोंडाशी पोलीस चौकी. माझ्यावर तीन मराठी माणसं सात वर्षं त्या पुलावरून गेली, मला फार तर दोनदा थांबवलं असेल, तेही नंबर न पाहता. कर्टिसला हवालदाराने पहिल्याच दिवशी हात केला.

"सायकल कुणाची?"

"माझ्या मैत्रिणीची. नंदिनी नाव तिचं."

हवालदाराने माझा नंबर वायरलेसवर सांगितला. पलीकडून उत्तर आलं, मालक भानुदास काळसेकर. हवालदाराने कर्टिसकडे पाहिलं. खरं बोललेला माणूस माझ्यामुळे, माझ्या दांड्यावरच्या स्टिकरमुळे, खोटा ठरला. कार्डावर नाव चढवायला दहा मिनिटं लागली असती. आमच्या मंडळींना ती चार वर्षांत मिळाली नव्हती.

कर्टिसला चौकीत बसवलं. मला दारातच उभी केली, दार उघडं. त्याच्या व्हिसाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं. चोरीची नोंद झाली असती तर नोकरी गेली असती आणि देशही सोडावा लागला असता. प्रयोगशाळेत फोन गेला. नंदिनी धापा टाकत आली.

"हे तुमचे कोण?" हवालदाराने विचारलं.

"मित्र," ती म्हणाली.

कर्टिसने मान खाली घातली. त्याला ते स्टेशन ओळखू आलं असणार.

हवालदार उद्धट नव्हता. त्याने चहाही दिला. पण म्हणाला, "मालकाने स्वतः सांगितल्याशिवाय सोडता येणार नाही." इचिकावाचा नंबर एकट्या नंदिनीला माहीत होता. तिने रिसीव्हर उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला.

भानुदास फोनवर ओरडून बोलतात. लांबचा फोन म्हणजे ओरडायचं, ही त्यांची जुनी सवय. म्हणून मला दारातूनही सगळं ऐकू आलं.

"कोण? नंदिनी? अगं चौकीत काय करतेस तू?"

"दादा, सायकल तुमच्या नावावर आहे अजून. त्यांना वाटतंय चोरीची आहे. तुम्ही फक्त सांगा की तुम्ही दिलेली आहे."

"सांगतो की. पण पकडलं कुणाला? सुशील परत आलाय का?"

"नाही. कर्टिस नाव आहे त्याचं."

"तो कोण?"

नंदिनीने कर्टिसकडे पाहिलं. तो टेबलावरचा चहा पाहत होता.

"आम्ही लग्न करणार आहोत, दादा."

पलीकडून आवाज आला. "इंग्रज आहे का?"

"अमेरिकन."

"अच्छा, अमेरिकन." आवाज जरा सैल झाला. "मग तसं बघायला गेलं तर..."

"काळा आहे, दादा."

मित्रांनो, त्या शांततेत मला पुलावरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलची चेन वेगळी ऐकू आली. अमेरिकन म्हटल्यावर जो माणूस सैल झाला होता, तोच एका शब्दाने आवळला गेला. हा कुठला नट, कुणी बसवला, मला समजून घ्यायचं होतं.

"नंदिनी, तू बाबांचा विचार केलास का? वैभवीचं काय होईल? मी काय तोंड दाखवू त्यांना?" भानुदास म्हणाले. "अगं, आपल्यातलं कुणी नाही मिळालं?"

तेवढ्यात पलीकडून दुसरा आवाज आला. शैलजावहिनींचा, त्यांच्या बायकोचा. त्याही ओरडूनच बोलतात.

"अहो, दर गणपतीला अकरा घरमालक ऐकवता ना आम्हाला? मोजा आता. तुम्ही बारावे."

"माझ्या बाराव्याने घर दिलं होतं," भानुदास पुटपुटले. त्यांचं पुटपुटणंही चौकीत ऐकू आलं.

"मग द्या की तुम्हीही."

मग भानुदास म्हणाले, "दे त्या हवालदाराकडे." ते जपानीत बोलले, सावकाश आणि अदबीने. सायकल मीच दिली, चोरी नाही, त्या गृहस्थांना सोडा. हवालदाराने लिहून घेतलं. म्हणाला, "नाव बदलून घ्या. आधीच्या मालकाचं पत्र लागेल, नव्या मालकाच्या नावासकट."

नंदिनीने फोन परत घेतला.

"पाठवतो पत्र," भानुदास म्हणाले. "तुझ्या नावाने पाठवतो."

"त्याच्या नावाने पाठवा, दादा."

"ते मला जमायचं नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

परतताना दोघं मला मध्ये घेऊन चालत होते. मग कर्टिस म्हणाला, "आधी मित्र म्हणालीस."

"हो, म्हणाले."

"मग बदललंस."

"उशीर केला."

"माझ्या जुन्या मैत्रिणीच्या हाताने तेवढंही केलं नव्हतं," तो म्हणाला. समोरून एक मराठी जोडपं येत होतं. नंदिनीने एक हात माझ्या हँडलवरून काढला आणि त्याच्या हातात दिला. मी एकीकडे कलले, पण पडले नाही.

त्या रात्री तिने स्वतःच ठाण्याला फोन केला. वडील तिच्याशी दीड वर्ष बोलले नाहीत. वैभवीचं लग्न मात्र ठरलं त्याच तारखेला झालं.

पत्र नऊ दिवस आलं नाही. दहाव्या दिवशी आलं. मात्सुई-सानच्या दुकानात नंदिनीने पाकीट उघडलं. आत भानुदासांच्या हाताने जपानीत लिहिलेला कागद, खाली त्यांचा लाल शिक्का. ही सायकल मी कर्टिस-सान यांना दिली आहे. नाव पहिल्यांदा चुकलं होतं, खोडून पुन्हा नीट लिहिलं होतं. मात्सुई-सानने गरम हवा मारून माझा जुना स्टिकर सोलला. खालचा निळा रंग अगदी नवा निघाला, सात वर्षं उन्हाशिवाय राहिलेला. त्यावर नवा स्टिकर बसला.

सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. लग्नानंतर भानुदास अजून नंदिनी आणि कर्टिसच्या घरी आलेले नाहीत. शैलजावहिनी एकट्या येतात, चिवडा घेऊन. कर्टिसला आजही पुलावर अडवतात, चार-पाचदा तरी झालं असेल. हवालदार माझा नंबर सांगतो आणि वायरलेसवर कर्टिसचंच नाव येतं. हवालदाराला खरं वाटत नाही, तो पुन्हा विचारतो. पुन्हा तेच नाव येतं. त्या वेळी माझ्या गंजक्या दांड्यात जे होतं त्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला तेल द्या, मला पावसात ठेवू नका, असं रडगाणं मी गाणार नाही. नंदिनी ते बघते. माझं मागणं वेगळं आहे. कुणाला काही दिलंत तर त्याच्या नावावर करून द्या, अर्धवट देऊ नका. आणि तुमच्या घरात एखादी ताई कुणाचं तरी नाव सांगायला घाबरत असेल, तर सगळ्यांच्या आधी तुम्हीच तिला विचारा, नाव काय त्याचं? आणि ते नाव नीट म्हणायला शिका. भानुदासांनाही ते दुसऱ्या खेपेला जमलं होतं.