उजव्या कडेची पट्टी

मी एक जुना ग्राफिक्स प्रोसेसर आहे. सध्या एका पत्र्याच्या कपाटात, तुटक्या कीबोर्डांखाली पडून आहे. मला पाहून हळहळू नका, मित्रांनो. मी एक सूड उगवून इथे आलो आहे आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण एकेक काम हातावेगळे करत जातो. मी तसा हुशार नाही. पण एकच सोपे गणित मी हजार ठिकाणी एकदम करू शकतो. मात्र ते काम मला वाटून कसे द्यायचे, हे माणसानेच लिहावे लागते. माझ्यासाठी ते एका बाईने लिहिले. कार्यालयात तिला सगळे ताई म्हणत.

कार्यालय पाच माणसांचे. जुने, खरखरीत व्हिडिओ स्वच्छ करण्याचे सॉफ्टवेअर तिथे बनत होते. दहा मिनिटांच्या व्हिडिओला सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ लागे. ताईने प्रत्येक चित्राचे एकशे अठ्ठावीस ठिपके रुंदीचे तुकडे पाडले आणि सगळे मला एकदम दिले. तिचा चहा संपायच्या आत काम झाले. तिने माझ्या पेटीवर थाप मारली. म्हणाली, "शाब्बास रे घोड्या!" आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

तिचा नवरा शेजारच्या टेबलावर व्हिडिओंचे रंग सुधारायचा, म्हणून त्याला रंगारी म्हणत. काही अडले की ती त्याला समजावत बसे. समजावता समजावता तिलाच उत्तर सापडे.

"अहो, कापड कापताना शेवटी चिंधी उरते ना, तशी काही चित्रांत उजव्या कडेला पट्टी उरतेय."

"मग टाक फेकून चिंधी."

"आणि त्या पट्टीत माणूस उभा असला तर? त्यालाही फेकू?"

"माझ्यासारखा असला तर फेक."

"तुम्हाला तर आधी फेकीन," ती म्हणाली आणि तिने दोन ओळी जास्त लिहिल्या. एक, त्या उरलेल्या पट्टीसाठी. दुसरी, नवे चित्र घेण्याआधी माझ्या स्मृतीतले जुने चित्र पुसण्यासाठी. कारण, कुणी सांगितल्याशिवाय मी काहीच पुसत नाही.

मग ताई आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली.

रंगारी कामावर परत आला, तेव्हा सॉफ्टवेअर उघडताना दिसणारे तिचे नाव नाहीसे झाले होते. तिथे आमच्या मालकांचे, साहेबांचे नाव होते. एकट्याचे.

तो साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, तिचं नाव परत टाका. दुसरं काही मागत नाही."

"अरे, जरा व्यवहार बघ. गिऱ्हाईक विचारणार, लिहिणारी गेली, आता दुरुस्त कोण करणार? आणि नाव टाकून ती परत येणारे का?"

रंगारी माझ्यासमोर येऊन बसला. त्या दिवसापासून मी साहेबांवर दात धरला.

पुढे एका संग्रहालयाची माणसे सॉफ्टवेअर बघायला येणार असे ठरले. त्यांच्याकडे जुन्या टेपांचे ढीग होते. वेग आणखी दिसावा म्हणून साहेबांनी ताईचे लिखाण उघडले, आणि 'ह्या दोन ओळी उगाच वेळ खातात' म्हणून त्या उडवल्या. नेहमीच्या मोठ्या व्हिडिओंवर चालवून पाहिले. त्या चित्रांचे बरोबर पंधरा तुकडे होतात, काही उरत नाही. सगळे छान दिसले.

"बघितलंस? तुझ्या बायकोपेक्षा फास्ट!" साहेब म्हणाले.

"हो साहेब," रंगारी म्हणाला.

जुन्या टेपेचे चित्र सातशे वीस ठिपके रुंद असते, हे त्याला ठाऊक होते. म्हणजे पाच तुकडे होणार आणि ऐंशी ठिपके उरणार. तो बोलला नाही. मीही बोललो नाही.

पाहुणे यायच्या दिवशी, ते पोचण्याआधी त्याने आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या मोठ्या आकाराचा एक जुना व्हिडिओ उघडला. त्यात ताई टेबलाशी बसून बोलत होती. पडद्याला मोजपट्टी लावून त्याने उरणाऱ्या पट्टीची जागा मोजली, तिचा चेहरा तिथे आल्यावर थांबवले आणि व्हिडिओ बंद केला. "बसून राहा," तो हळूच म्हणाला. मला की तिला, कोण जाणे.

संग्रहालयाच्या संचालक बाई आल्या. भिंतीवर त्यांची टेप सुरू झाली. बंदर, बोटी, माणसे, सगळे लख्ख. आणि उजव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, ताई. समोर बघणारी.

"ही कोण?" बाईंनी विचारले.

"काही नाही, कार्ड तापलंय," साहेब माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "ए, बंद कर ते!"

रंगाऱ्याने बंद केले नाही.

"कार्ड तापलं की बाई दिसते?" संचालक बाई म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय ना हे? मग सांगा, असं का होतंय?"

साहेबांनी एक वायर काढली, परत लावली, दुसरी हलवली. मी ताईला सेकंदाला पंचवीस वेळा भिंतीवर काढत होतो. एवढे मन लावून मी कधीच काम केले नव्हते.

"ती माझी बायको," रंगारी म्हणाला. "हे सगळं तिनं लिहिलंय. उरलेली पट्टी भरणारी आणि जुनं चित्र पुसणारी, अशा तिच्या दोन ओळी साहेबांनी उडवल्या, म्हणून ती दिसतेय."

त्याने त्या दोन ओळी परत लिहिल्या. शेवटचे बटण दाबायला मात्र त्याला फार वेळ लागला. मग ताई गेली. मीच पुसली, सांगितले तसे. पट्टीत बंदरावरचा एक हमाल उभा राहिला, ओझ्यासकट.

"लिहिणारीचं नाव आधी घाला," बाई म्हणाल्या, "मग आमची सही."

साहेबांनी त्यांच्यासमोरच नाव घातले. बाई गेल्यावर, कार्ड तापल्याची स्वतःचीच थाप खरी ठरवायला, त्यांनी मला उपटून या कपाटात टाकले. रंगाऱ्याने नोकरी सोडली.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. पण दुसऱ्याच्या कामाला आपले नाव लावायचे असेल, तर ते काम आतून कसे चालते, हे आधी शिकून घ्या. एक दिवस भरल्या खोलीत कुणीतरी विचारतेच. तेव्हा वायरी हलवून काही होत नाही.