खालच्या ओठावरचे ऊन

मित्रांनो, माझी हकीगत सांगण्यापूर्वी एक कबूल करते. ती मला स्वतःलाच पुरती कळलेली नाही. मी पितळेची एक जुनी शिट्टी आहे. पोहण्याच्या तलावावर शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या गळ्यात गेली एकोणीस वर्षे मी आहे. मधले चौदा महिने मात्र मी आरशाशेजारच्या खिळ्याला टांगलेली होते. माझे काय चुकले, हा विचार करून करून त्या काळात माझ्या पोटातली बुचाची गोळी नुसती गरगरून गेली.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, कडा जोडल्या, पोटात गोळी टाकली आणि वर चकचकीत मुलामा चढवला. तपासणाऱ्या बाई भात्याने हवा सोडून एकेका शिट्टीचा आवाज ऐकत होत्या. बाकीच्यांना त्यांनी नुसती मान हलवून पुढे ढकलले. माझ्या वेळी त्यांनी कानांवर हात ठेवले. ते कौतुकच होते असे मी तेव्हा समजले आणि अजूनही समजते.

मास्तरांनी मला विकत घेतले ते नोकरी लागली त्याच आठवड्यात. तलाव उघडा होता, वर छप्पर नाही, कडेला झाड नाही. एका टोकाला तिकिटाची खिडकी, दुसऱ्या टोकाला पंपाची खोली आणि मधे निळ्या फरश्यांवर हलणारे पाणी. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत मास्तर काठावर उभे असत. डोक्यावर रुंद काठाची टोपी असे. ती त्यांच्या पत्नीने शिवलेली होती. त्या शिवणकाम करत आणि सगळे त्यांना बाईच म्हणत. माझी एक हाक म्हणजे इकडे पाहा, दोन म्हणजे काठाला या, आणि तीन लांब हाका म्हणजे सगळे बाहेर. मुले आईबापांचे एकवेळ ऐकत नसत, पण माझे ऐकत.

एकदा एक लहान मुलगी खोल बाजूला सरकली आणि गटांगळ्या खाऊ लागली. गर्दीत ती कोणालाच दिसत नव्हती. मास्तरांना नुसती शंका आली आणि त्यांनी मला तीनदा लांब फुंकले. पाणी रिकामे झाले, तेव्हा ती एकटी आत दिसली. तिला बाहेर काढल्यावर तिची आई मास्तरांचे हात सोडेना. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. पण घरी गेल्यावर मास्तर बाईंना म्हणाले की आज शिट्टीने वाचवले. मी त्यांच्या गळ्यातला ताईत होते, दोन्ही अर्थांनी.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मी टेकते ती मास्तरांच्या खालच्या ओठावर. हा ओठ मला माझ्या मुलाम्याइतका ओळखीचा होता. एका उन्हाळ्यात तो मला किंचित खरखरीत लागला. बारीक वाळूचा एखादा कण चिकटून राहावा, तसे काहीतरी उजव्या बाजूला होते. मला वाटले, फुटला असेल. मास्तरांनाही तसेच वाटले असावे, कारण ते ओठ सारखा जिभेने ओला करू लागले आणि सुटलेली साल नखाने काढू लागले. साल निघे, दोन दिवस बरे वाटे आणि पुन्हा तीच खरखर. थंडी आली, गेली, पाऊस येऊन गेला, तरी ओठ काही बरा होईना. हळूहळू ओठ कुठे संपतो आणि हनुवटीची कातडी कुठे सुरू होते, ती रेघच पुसट झाली.

तलावावर पंप सांभाळणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे पंपवाले भाऊ म्हणत. पंप बिघडला की ते दुसऱ्याला बोलवत, पण माणसाच्या आजारावर त्यांचा सल्ला तयार असे. त्यांनी मास्तरांचा ओठ पाहिला, मग मला उलटीसुलटी करून पाहिले आणि निकाल देऊन टाकला. शिट्टीचा मुलामा उडतोय, तोच पोटात नि ओठात जातोय. झाले. त्याच दिवशी मास्तरांनी नारिंगी रंगाची प्लॅस्टिकची शिट्टी घेतली आणि मला घरी आरशाशेजारच्या खिळ्याला टांगले.

मित्रांनो, खापर माझ्यावर फुटले आणि मला ते खरेही वाटले. मुलामा खरोखरच उडत होता. ज्याच्या ओठामुळे मला आवाज आहे, त्याच ओठाला मी जखम केली असेल तर काय करायचे? खिळ्यावरून मला आरशात मास्तर रोज दाढी करताना दिसत. माझ्या स्पर्शाविना ओठ बरा होत आहे का, हे मी पाहत राहायची. बरा झाला, तर मी गुन्हेगार ठरणार होते. बरा न झाल्यास मास्तरांचे हाल होणार होते. काय व्हावे अशी इच्छा धरावी, हेच मला कळेना.

ओठ बरा झाला नाही. उलट त्यावर पांढुरका चट्टा उमटला. मास्तर हसले की तो तडके आणि रुमालावर रक्ताचा ठिपका उमटे. मग मास्तरांनी हसणेच कमी केले. असे करता करता वर्ष होत आले. एका रविवारी बाई शिवणाचे मशीन थांबवून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, शिट्टी बदलून वर्ष होत आलं. ओठ होता तस्साच आहे, उलट चट्टा वाढलाय. मग दोष शिट्टीचा कसा?"

मास्तर आरशापाशी येऊन ओठ चाचपू लागले. मला मात्र खिळ्यावरून उडी मारून बाईंच्या मांडीवर जावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी दोघे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. मास्तरांचा संशय अजून फिटला नव्हता, म्हणून त्यांनी पुरावा म्हणून मला रुमालात गुंडाळून सोबत नेले. डॉक्टर म्हणजे बारीक चणीच्या, शांत बोलणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी मला पाहिले, बाजूला ठेवले आणि मास्तरांचा ओठ भिंग लावून कितीतरी वेळ निरखला. बोटाने दाबून पाहिला. मग विचारले, दिवसभर कुठे उभे असता? मास्तरांनी सांगितले आणि लगेच टोपीचाही दाखला दिला.

"टोपी वरचं ऊन अडवते हो," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्यावरून उसळून येतं ते ऊन खालून येतं. ते थेट खालच्या ओठावर पडतं. ओठाची कातडी पातळ, तिला स्वतःचं संरक्षण फार कमी. इतकी वर्षं तिनं सोसलं, आता ती कुरकुरतेय."

मास्तर बुचकळ्यात पडले. ऊन खालून येते, हे त्यांना नवे होते. मलाही नवे होते. इतकी वर्षे त्यांच्या छातीवर लटकताना माझ्या अंगावर खालून चकाकी पडायची आणि मी तिला शोभा समजायची. आता नवीच शंका मनात आली. माझा चकचकीत मुलामाही ऊन वर फेकत होता की काय? याचे उत्तर डॉक्टरांनी दिले नाही, कारण मला प्रश्न विचारता येत नाही.

त्यांनी ओठाचा भाग बधिर करून इवलासा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. निकाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मास्तरांची पाचावर धारण बसली होती. बाई मापे चुकवत होत्या. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. तो शब्द घरात कोणीच उच्चारत नव्हते, पण जेवताना, दिवा मालवताना, दार लावताना तो तिथेच असायचा.

निकाल आला. कॅन्सर नव्हता. दोघांच्या जिवात जीव आला, पण डॉक्टरांचे बोलणे संपले नव्हते. उन्हामुळे ओठातल्या पेशी बिघडू लागल्या होत्या. दुर्लक्ष केले, तर पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो, म्हणून उपचार हवेच. मग त्यांनी उपाय सांगितले. काही आठवडे लावायचे एक मलम असते. अतिथंड फवाऱ्याने चट्टा गोठवता येतो. औषध लावून त्यावर ठरावीक प्रकाश सोडता येतो. लेसरने वरचा थर जाळता येतो. फारच पसरले असेल, तर शस्त्रक्रिया करून तो थर काढतात. मास्तर आधी मान डोलावत होते, मग नुसते पाहत राहिले. सगळे डोक्यावरून गेले. बाईंनी मापांची वही काढून सगळे उतरवून घेतले. छाती, कंबर, बाही यांच्या खाली आता मलम, फवारा, लेसर अशी यादी झाली.

मलम ठरले. डॉक्टरांनी बजावले की ओठ आधी लालभडक होईल, सोलवटेल, मग बरा होईल. मास्तरांनी ते ऐकले. ऐकणे वेगळे आणि आरशात पाहणे वेगळे. आठव्या दिवशी ओठ सुजला, खपल्या धरल्या, पाणी पिणेही नकोसे झाले. नवव्या दिवशी मास्तरांनी ट्यूब कपाटात टाकली. घरी डोकावलेल्या पंपवाल्या भाऊंनी लगेच दुजोरा दिला, की औषध मानवत नाही. मी खिळ्यावरून पाहत होते आणि मला खरेच वाटले की भाऊ या वेळी बरोबर आहेत. बरे करणारी वस्तू इतकी आग का लावेल? हे कोडे मला अजूनही नीट उलगडलेले नाही.

बाईंनी कपाटातली ट्यूब बाहेर काढली. आधी डॉक्टरांना फोन लावला. हे अपेक्षितच आहे, उद्या दाखवून जा, मी पाहिल्याशिवाय बंद करू नका, असे डॉक्टर म्हणाल्या. मग बाईंनी ट्यूब मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

"तलावाच्या मधोमध पोर घाबरून मागे वळलं, तर तुम्ही त्याला काय सांगता?"

मास्तरांनी ट्यूब बाजूला सरकवली.

"काय सांगता ते सांगा ना."

"मागे वळायचं नाही म्हणतो," मास्तर हळूच म्हणाले. "अंतर दोन्हीकडे सारखंच असतं, म्हणून पुढे जा म्हणतो." त्यांचे डोळे भरून आले होते. "पण मला भीती वाटतेय गं."

"मलाही वाटतेय," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ओठ पाहिला आणि मलम चालू ठेवायला सांगितले. मास्तरांनी ते पुरे केले. महिना-दीड महिन्यात खपल्या पडल्या आणि खाली कोवळी, गुलाबी कातडी दिसू लागली. मग एका सकाळी त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले, साबणाने धुतले आणि गळ्यात घातले. तलावावर पहिली हाक दिली तेव्हा मला ओठ ओळखूच आला नाही, इतका तो मऊ होता. मुले ओरडली की जुनी शिट्टी परत आली. मी आनंदाने वेडी झाले आणि मला वाटले, संपले एकदाचे.

संपले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी उजव्या बाजूला तोच बारीक कण मला लागला. दिसत काहीच नव्हते. मास्तरांना कळले नव्हते, बाईंना कळले नव्हते. मला एकटीला कळले होते. मित्रांनो, मी जीव तोडून वाजले. मुलांना वाटले, काठाला यायचे आहे, आणि ती काठाला आली. तीन आठवडे मी रोज वाजत होते आणि रोज मुले काठाला येत होती.

शेवटी घरी खिडकीपाशी दोरा ओवताना बाईंची नजर मास्तरांच्या ओठावर गेली. या वेळी डॉक्टरांनी फवाऱ्याने चट्टा गोठवला. पाच मिनिटांत काम झाले, पण मास्तर पार खचले. इतके सगळे सोसून पुन्हा तेच, मग उपयोग काय, असे त्यांनी विचारले. डॉक्टर म्हणाल्या की इतक्या वर्षांचे ऊन ओठात मुरले आहे, ते अधूनमधून डोके वर काढणारच. म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचे. ऊन अडवणारे ओठांचे मलम दर दोन तासांनी लावायचे, पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचे. साल काढायची नाही, जिभेने ओठ ओला करायचा नाही.

त्यानंतर एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली. संध्याकाळी माझ्या तोंडाला मलमाचा चिकट थर बसलेला असे. म्हणजे मास्तर ओठाला लावत आणि दर हाकेला मी ते पुसून काढत होते. आता सांगा, मी निर्दोष की दोषी? भाऊंनी ठेवलेला आळ खोटा होता, पण माझ्याकडून घडले ते हे असे. बाई मला रागावल्या नाहीत. मास्तरांनी फक्त हाका कमी केल्या, दुपारचे वर्ग सकाळी घेतले, आणि जास्त वेळा मलम लावायची सवय केली. काठावर एक कापडी छतही उभे राहिले.

आज सकाळी मास्तरांनी मला फुंकले, तेव्हा ओठ मऊ होता. उद्या कसा असेल, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. ही धाकधूक आता आमच्याबरोबर राहणार, असे दिसते. खरखर परत आली तर सगळ्यांच्या आधी मला कळेल आणि तेव्हाही मी फक्त वाजू शकेन.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. तुमच्या घरातही कोणीतरी दिवसभर उन्हात उभे राहून काम करत असेल. ते घरी आले की त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवा आणि त्यांच्या ओठांकडे नीट पाहा. बरा न होणारा चट्टा किंवा खरखर दिसली, तर लगेच सांगा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. तुम्हाला बोलता येते.