समुद्रावरून आलेली राख

सगळी गल्ली गच्च्यांवर चढली होती. आभाळ तपकिरी, सूर्य म्हणजे मळका बल्ब, वरून बारीक भुकटी पडतेय, आणि लोक आ वासून उभे! गल्लीतला बाबा परवाच बोलला होता, "समुद्रावरून पवित्र राख येईल. छातीत भरून घ्या, छातीचे रोग पळतील." आली की हो राख! मग काय, भक्तांना आभाळ ठेंगणं.

माझी भाची दम्याची. ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, तिचा पंप काढून घेतला आणि पोरीला राखेत उभं केलं. मी पोचलो तेव्हा पोरीचे ओठ निळे.

"ताई, अक्कल गहाण टाकलीस?"

"गप बस रे! खोकल्यातून रोग बाहेर पडतोय. बाबा म्हणालेत."

पोरीला उचललं, दवाखाना गाठला; ताई मागोमाग आली. डॉक्टरीणबाईंनी आधी औषधाचा मास्क लावला. पोरीचा श्वास जरा सावरल्यावर ताईसमोर मोबाईल धरला. उपग्रहानं वरून काढलेला फोटो. निळ्या समुद्रावर तपकिरी लोट, पार वाळवंटापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत.

"ही वाळवंटातली धूळ. वाऱ्यानं उचलली, समुद्र ओलांडून आणली. अख्खा किनारा झाकलाय. यात तुमच्या बाबाची करामत दाखवा बघू."

"पण त्यांना आधी कसं कळलं?"

"हवामान खात्यानं आधीच सांगितलं होतं. बाबाकडे मोबाईल नाही?"

"दोन आहेत," ताई पुटपुटली.

पोरीला झोप लागली तशी ताई उठली आणि तडक बाबाच्या घरी. मी मागे. बाहेर भक्त धूळ खात बसलेले. ताईनं दार ढकललं तर हलेना. खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला. जोर लावला, उघडलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या, कोपऱ्यात हवा गाळायचं मशीन घुरघुरतंय, आणि बाबा तोंडाला मास्क लावून गादीवर!

ताईनं उंबऱ्यावरची भुकटी मुठीत घेतली. "घ्या बाबा, छातीभर."

बाबा भिंतीला चिकटला. "अगं बाई, दार लाव! धूळ आत येतेय!"

धूळ म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं.

स्वतःची छाती जपायची आणि लोकांची लेकरं गुदमरायला सोडायची! अरे, देवमाणूस म्हणून कुणाच्याही हाती पोरांचा श्वास देऊ नका. विचारा, उलट विचारा, आणि दमा असेल तर डॉक्टरकडे जा.