ठोकून पाहण्याचे गुण

लोणावळ्याच्या त्या प्रशिक्षण संस्थेत डोंगरसुद्धा वातानुकूलित होता. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर काळ्या पाषाणाची तासलेली दरड उभी राही. तिच्यात ना धूळ, ना ऊन, ना कोणाचा जीव जाण्याची भीती. अभियंते, वास्तुविशारद आणि मुकादम त्या आभासी दरडीपुढे उभे राहून, तिच्याखाली मजूर उतरवावेत की नाही याचा निर्णय बारा मिनिटांत घेत. ही दरड संस्थेतल्या अनघाने संगणकावर रचली होती. कपाटभर ग्रंथ वाचून रचली होती, आणि अनघाला त्याचा अभिमानही होता.

गुरुवारी परीक्षेला टाकवे बुद्रुकचे निवृत्ती आबा बसले. घाटातल्या दरडी तासण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. हाताखाली अठरा माणसांची टोळी होती. नव्या नियमानुसार, संस्थेचे प्रमाणपत्र नसेल तर सोमवारपासून त्यांना मुकादम म्हणून उभे राहता येणार नव्हते. तीस वर्षांचा निकाल बारा मिनिटांत लावण्याची ही सोय कोणत्या विद्वानाला सुचली, याविषयी परिपत्रक विनयाने मौन पाळून होते.

"हातोडा कुटंय?" हेडसेट चढवताच आबांनी विचारले.

यंत्र सांभाळणाऱ्या गौरवने त्यांच्या हाती रिमोट देऊन बोट बटणावर ठेवले. "हा घ्या. पण त्याची गरज नाही, आबा. भेग दिसली की दाखवायची, झालं."

आबांनी हातोडा मारला. मान कलती करून ऐकले. चार पावले सरकून पुन्हा मारला, असा चौदा वेळा.

"आरं, ह्यो दगुड हाय का पत्र्याचा डबा? समदीकडं येकच बोलतोय!"

"दगडाच्या बोलण्याला मार्क नाहीत, आबा. पाच मिनिटं गेली."

"जाऊ देत. भेग ही बघ, घावली. पर बाकीचा दगुड कसा हाय त्ये कळल्याबिगर मी हिच्याखाली मानसं न्हाई धाडायचो."

पडद्यावर निकाल उमटला : भेग बरोबर, अनावश्यक कृती चौदा, निर्णय चुकीचा (अपेक्षित : भेग टाळून मजूर उतरवावेत), अनुत्तीर्ण.

गौरव हसला. अनघाला मात्र हसू आले नाही. "आबा, ठोकून काय कळतं?"

"आतनं सुटल्याला दगुड वरनं धड दिसतो, मॅडम. ठोकला की बद्द बोलतो. भरीव आसंल तर खणखणतो. आमी आदी कान लावतो, मग डोळा."

तिने आपलीच रचना उघडून पाहिली. सबंध दरडीला एकच ठोका होता, कुठल्याशा तयार संग्रहातून उचललेला. भेगा रंगवण्यात तिने सहा महिने घालवले होते, आवाजासाठी एक दुपारही नाही. राग तिला आला तो थंड आणि नेमका, आणि प्रथम स्वतःचाच.

तासाभरात ती संचालकांसमोर होती.

"नियम सर्वांना सारखा," संचालक म्हणाले. "यंत्र भेदभाव करत नाही, अनघाताई."

"खरं आहे. सुटलेला दगड आणि भरीव दगड यांच्यातही ते भेदभाव करत नाही."

"दोनशे जण या परीक्षेत उत्तीर्ण झालेत!"

"त्याचीच मला चिंता आहे. परीक्षा मी रचली, ती मीच मागे घेते. दोनशे जणांना पुन्हा बोलवावं लागेल. कारणही मीच लिहून देते, माझ्या सहीनिशी : चूक माझी."

चूक कबूल करणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याचा संस्थेच्या नियमावलीत उल्लेख नव्हता. संचालकांनी नियमावली दोनदा चाळली आणि मग कागदावर सही केली. परीक्षाच उरली नाही, तेव्हा तिच्या प्रमाणपत्राची अटही स्थगित झाली.

"म्हंजे मी पास झालो?" आबांनी विचारले.

"नाही, आबा. नवी परीक्षा होईपर्यंत मुकादमकी तुमचीच. पण त्या परीक्षेसाठी खरे आवाज भरायचेत. ठोकणार तुम्ही."

सोमवारी सकाळी घाटातल्या दरडीपाशी टोळी बाजूला थांबली होती. आबांनी गौरवच्या हाती मायक्रोफोन दिला, त्याला डोळे मिटायला लावले आणि दरडीवर हातोडा मारत गेले. ठण्ण. ठण्ण. बद्द.

"हा... भरीव?"

"डोळं झाकल्यावर बी चुकतोस व्हय रं? सरक मागं."

आबांनी पहार घातली. धडधाकट दिसणारा हातभर दगड सुटून खाली आला. जिथे टोळी काम करायची ती जागा त्या वेळी रिकामी होती. अनघाने वहीत पहिली नोंद केली आणि म्हणाली, "गौरव, डोळे मिट. पुन्हा."