न प्यायलेलं विष

त्या ऑपेरा हाउसमध्ये त्यांना सगळे वहिनीच म्हणत, अगदी दारावरचा पहारेकरीसुद्धा. कारण त्यांची नणंद त्याच कंपनीत नाचायची आणि दिवसभर तिचं 'वहिनी, वहिनी' चालू असायचं. वहिनी तिथल्या मुख्य नर्तकी. संशय घेण्यातही मुख्यच. कुणी हसून नमस्कार केला तर तो उलटून पालटून बघायच्या. स्वतःची सावली मागे पडली तर ही मागे का राहिली, म्हणून थांबणारी बाई. खोटं वाटत असेल तर त्यांच्या नवऱ्याला विचारा. तो खाली वाद्यवृंदात ट्युबा वाजवायचा. बोलायची वेळच येऊ नये म्हणून त्याने तोंड अडकून राहील असं वाद्य निवडलंय, असं लोक म्हणत.

त्या वर्षी एका जुन्या, शाळेत सगळ्यांनी घोकलेल्या नाटकावर नव्या धर्तीचा बॅले बसवला होता. गोष्ट साधी. राणीची नणंद राणीला विषाचा पेला देते. राणीला ते कळतं, तरी ती पिते. मूळ नाटकात इथे राणीचं पानंच्या पानं भाषण आहे. नृत्यदिग्दर्शकाने ते सगळं उडवलं, म्हणून कंपनीत त्याचं नाव मौनीबाबा पडलं. त्याच्या बॅलेत संगीत थांबतं, राणी पेला घेऊन नुसती उभी राहते, पिते आणि कोसळते. शेवटच्या अंकात नणंद सिंहासनावर बसून घाबरते आणि राणीचं भूत तिच्याभोवती नाचतं. त्या भुताच्या नाचासाठी वहिनींनी गुडघ्यांची चाळण करून घेतली होती. पुढच्या वर्षी हे गुडघे साथ देतील याचा काही भरवसा नव्हता. म्हणजे हे भूत म्हणजे शेवटची संधी.

आणि राणीची नणंद नाचणार कोण, तर वहिनींची नणंद. वर राणी आजारी पडली तर तिच्या जागी उभं राहायचं, तेही नणंदेनेच.

तालमीत पेला रिकामा असायचा. प्रयोग तोंडावर आला आणि मौनीबाबाला सुचलं की पेल्यात खरं पाणी हवं, घोट घशाखाली उतरताना दिसला पाहिजे. नणंद लगेच म्हणाली, पेला मी भरेन. झालं, वहिनींच्या डोक्यात भुंगा शिरला. ही पोरगी हल्ली इतकी गोड का वागते? पाय काय चेपून देते, पोट बरं आहे ना म्हणून काय विचारते. पोटाची चौकशी कशाला? त्यात औषधाच्या दुकानातून ती पुडी घेऊन बाहेर पडताना वहिनींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. जुलाबाचीच पुडी, दुसरी कसली असणार. पेला पोटात गेला की भूत नाचायच्या ऐवजी पळत सुटणार, आणि पुढचे सगळे प्रयोग नणंदबाईंच्या पदरात.

दुसऱ्याच्या हातचं खाणं वहिनींनी तालमी सुरू झाल्यापासूनच सोडलं होतं. आता स्वतःच्या हातचंही सोडलं, कारण भांडी कोण हाताळतं कुणाला ठाऊक. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, ती माझी बहीण आहे."

"म्हणून तर सांगतेय," वहिनी म्हणाल्या.

पहिल्या प्रयोगाला सगळं प्रेक्षागृह भरलं होतं. संगीत थांबलं. नणंदेने पेला पुढे केला. वहिनींनी आत पाहिलं, तर पाणी गढूळ. तळाशी पांढरी पूड हलत होती. वहिनी पेला धरून उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या. खाली वाद्यवृंद-संचालकाचा हात हवेत लोंबकळत राहिला. ट्युबावाल्याने म्हणे तेवढ्या वेळात आयुष्यातली सगळी पापं आठवून घेतली. आणि वहिनी चवड्यांच्या टोकावर तरंगत नणंदेपाशी गेल्या आणि पेला तिच्या ओठांना लावला.

"तूच पी," त्या ओठ न हलवता पुटपुटल्या.

"वहिनी, तुमच्यासाठी आहे ते."

"पी म्हणते ना."

नणंद प्यायली. आता पेला प्यायलेल्याने मरायचं, हे तर नाटकात ठरलेलंच. मुरलेली नर्तकी होती ती, धाडकन मेली. पडदा पडला तेव्हा कुठे वहिनींच्या लक्षात आलं की भूत मेलेल्याचं होतं. जिवंत उरलेल्याने सिंहासनावर बसून घाबरायचं असतं.

शेवटचा अंक नणंद नाचली. राणीचा सगळा नाच तिला पाठ होताच. वहिनी सिंहासनावर बसल्या आणि तिच्या पोटाकडे टक लावून बघत राहिल्या, आत्ता कळ येईल, मग येईल. कळ काही आली नाही. शाळेत नाटक घोकलेले प्रेक्षक आधी एकमेकांची तोंडं बघत होते, मग उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

रंगपटात वहिनींनी तिला गाठलं. पूड कसली होती ते विचारलं.

"ग्लुकोजची. तुम्ही उपाशी नाचताय, चक्कर येऊन पडाल अशी भीती वाटत होती."

"मग आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर प्यायला असता?"

तेवढ्यात मौनीबाबा आला. हा बदल माझ्या मनात पहिल्यापासून होता, असं त्याने छाती फुगवून सांगितलं, आणि पुढचे प्रयोग असेच होतील म्हणाला. नणंदेने हात जोडले. भूत वहिनींचं आहे, ते त्यांनाच द्या, मला नको.

वहिनींचे डोळे भरून आले. एक हात पुढेही झाला. मग तो अर्ध्यावरच थांबला. इतक्या पटकन नको म्हणाली? एवढ्या टाळ्या पडलेलं काम कुणी असं सोडतं का? भूत नाचतं तिथल्या फळ्यांत कुठे खिळा वर आला असेल. नाहीतर दुसरं काहीतरी.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "तुलाच लखलाभ."

नणंदेने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर तर वहिनींची खात्रीच पटली.