दोन्ही गोळ्या

टेलिफोन ऑफिसात उभी हयात घालवलेल्या मावशींना सुनेनं गळ घातली. सून दवाखान्यात नर्स. म्हाताऱ्या पेशंटशी नीट कसं बोलावं, याचं शिबिर होतं आणि सरावासाठी खोटा पेशंट हवा होता.

"चक्कर येते म्हणायचं, आई. बास."

"ती तर खरीच येते," मावशी म्हणाल्या. दोन महिने येत होती. घरात सगळ्यांनी ती वयाच्या नावावर टाकली होती.

शिकवायला मोठे डॉक्टर होते. त्यांनी तासभर भराभर पडद्यावरची चित्रं पालटली आणि सावकाश बोलण्याचं महत्त्व सांगितलं. मग शिकाऊ डॉक्टर एकेक करून मावशींसमोर आले. ब्लड प्रेशरची जुनी पांढरी गोळी बंद, नवी गुलाबी सुरू, एवढंच त्यांना समजवायचं होतं.

पहिला कानाशी येऊन ओरडला.

"हळू रे बाबा, मला ऐकू येतं," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्यानं सगळं सुनेला सांगितलं, मावशी जणू तिची पिशवीच. तिसरी मुलगी मात्र खुर्ची ओढून समोर बसली. दोन वाक्यांत सांगून म्हणाली, "मला नीट सांगता आलं का बघू. आता घरी काय करणार तुम्ही?"

"पांढरी बंद. फक्त गुलाबी." मावशी थबकल्या. "अगंबाई! मी तर दोन्ही घेतेय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय अभिनय आहे!" मोठे डॉक्टर खूश झाले.

मावशींनी पर्समधून दोन पाकिटं काढली. एक पांढरं, एक गुलाबी. सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवरची सही बघून सुनेचा चेहरा उतरला. सही मोठ्या डॉक्टरांची होती.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," ते म्हणाले.

"सांगितलं असेल. तुमचा एक पाय दारात होता. मीही हो हो म्हटलं."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मग खुर्ची ओढली. त्यांनी मावशींचं ब्लड प्रेशर मोजलं, ते फारच कमी भरलं. मग ते समजावू लागले. मावशींनी त्यांना दोनदा थांबवलं, "पुन्हा सांगा." तिसऱ्या वेळी जमलं.

आठवड्यात चक्कर गेली. शिबिराच्या अहवालात डॉक्टरांनी लिहिलं, 'प्रात्यक्षिक अत्यंत जिवंत झाले.' सुनेनं तो वाचून दाखवला, तेव्हा मावशी म्हणाल्या, "जिवंत राहिले खरी."